आमवात आणि क्षय : एक जुनें नातें

आमवात हा शब्द आपणांकडे फार जुना आहे. हजार वर्षांहूनही प्राचीन अशा माधवनिदान ग्रंथांत त्यास स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. म्हातारपणीं गुडघे झिजतात तो विकार निराळा. ज्यांत हातापायांच्या लहान सांध्यांस दोन्ही बाजूंनीं सारखी सूज येते, सकाळीं मूठ मिटत नाहीं, आणि पुढें हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, त्या रोगाविषयीं आम्ही लिहीत आहों.

युरोपांत त्याचें पहिलें स्पष्ट वर्णन इ. स. १८०० मध्यें पॅरिस येथील लांद्रे-बोव्हे या वैद्यानें केलें. हाडांचा पुरावा मात्र पुष्कळ मागें जातो. उत्तर अमेरिकेंतील टेनेसी नदीच्या खोऱ्यांत तीन ते पांच हजार वर्षांपूर्वींचे सांगाडे सांपडले. त्यांतील कांहींच्या सांध्यांवर हीच कुरतड आहे, असें रॉथशिल्ड नामक संशोधकानें १९८८ सालीं प्रतिपादन केलें. रोग तेथें उपजला व एखाद्या जंतूबरोबर समुद्रापार गेला असावा, असा तर्क त्यावरून निघाला. माधवनिदानांतील वर्णन याच रोगाचें असेल, तर हा तर्क आम्हां भारतीयांस सहज पटावयाचा नाहीं.

क्षयाशीं जोडलेली दुसरी उपपत्ति आम्हांस अधिक विचारार्ह वाटते. ती २००४ सालीं मांडली गेली. क्षयाच्या सांथींत ज्यांची प्रतिकारशक्ति प्रखर तेच अधिक वांचले. तीच प्रखरता वंशजांत उतरून सांध्यांवर उलटते, असें ती म्हणते. ती सिद्ध झालेली नाहीं. पण ती निराधारही नव्हे.

सोन्याचेंच पाहा. सोन्याच्या एका क्षारानें क्षयाचे जंतु वाढेनासे होतात, हें कॉख यानें १८९० सालीं नळींतील प्रयोगावरून सांगितलें. आमवात हा क्षयासारखाच असावा अशा समजुतीनें फोरेस्टिए या फ्रेंच वैद्यानें १९२९ च्या सुमारास सोन्याचीं इंजेक्शनें आमवाताच्या रोग्यांस दिलीं. क्षयावर सोनें निरुपयोगी ठरलें, सांध्यांस मात्र आराम पडला, आणि तो उपचार पुढें कित्येक दशकें चालला. चुकीच्या वाटेनें योग्य गांवीं पोंचल्याचीं उदाहरणें वैद्यकांत थोडीं नाहींत!

क्षयाचा जंतु फुप्फुसांत शिरला म्हणजे शरीरांतील पेशी त्यास वेढून गांठींत कोंडतात. कैक लोकांत तो असा जन्मभर निपचित पडून राहतो. हा वेढा टिकविणारें एक द्रव्य आहे. त्यास ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हणतात. तेंच द्रव्य सांध्याच्या अस्तरांत अति झालें कीं सूज वाढते व हाड खाल्लें जातें. १९९८ च्या सुमारास त्यास आवरणारीं औषधें निघालीं. आंखडलेलीं बोटें पुन्हां हलूं लागलीं. परंतु कांहीं रोग्यांत कोंडलेला क्षय मोकळा सुटला, हें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणूनच, बोटांचें दुखणें घेऊन गेलेल्या आजीबाईंस तें औषध देण्यापूर्वीं डॉक्टर छातीचा फोटो काढवितात, आणि घरांत पूर्वीं कोणास क्षय झाला होता काय, असें विचारतात.