गॅस बॉयलरची कार्यक्षमता चिमणीत मोजा

बॉयलर विकणारा ९४ टक्के सांगून जातो आणि महिनाअखेरचं गॅसबिल वेगळंच बोलतं. खरं काय ते आपल्याच चिमणीत सापडतं. फक्त फ्लू गॅस ॲनालायझर हवा.

आधी बॉयलर तासभर एकाच लोडवर चालू द्या. बर्नर सारखा चालू-बंद होत असेल तर मोजू नका. ब्लोडाउनही थांबवा. चिमणीच्या सरळ भागातल्या भोकातून ॲनालायझरची सळई मधोमध पोचेपर्यंत घाला. इकॉनॉमायझर असेल तर त्याच्या नंतर. भोकाची फट ग्लास रोपने बुजवा. ती उघडी राहिली तर चिमणीच्या ओढीने बाहेरची हवा आत येते, ऑक्सिजन जास्त दिसतो आणि बर्नरवर उगाच खापर फुटतं.

आकडे स्थिरावले की धुराचं तापमान, ऑक्सिजन आणि सीओ लिहून घ्या. हवेचं तापमान मात्र बर्नर हवा ओढतो तिथलं घ्या, अंगणातलं नव्हे.

आता हिशेब. २१ मधून ऑक्सिजनचा टक्का वजा करा, उरेल त्याने ०.६६ ला भागा, त्यात ०.००९ मिळवा आणि दोन तापमानांतल्या फरकाने गुणा. चिमणीतून वाया जाणाऱ्या उष्णतेचा टक्का मिळाला. (हे आकडे नैसर्गिक वायूचे, एलपीजीला वेगळे.) धूर २१० अंश, हवा ३०, ऑक्सिजन ५ टक्के असेल तर ९ टक्के गेले. बॉयलरच्या अंगावाटे दीड टक्का धरा. राहिले ८९.५.

इथे थांबलात तर फसलात. हा आकडा निम्न उष्मांकावरचा. हायड्रोजन जळून झालेल्या वाफेतली सुप्त उष्णता त्यात धरलेलीच नाही. गॅसचा भाव उच्च उष्मांकावर लागतो, म्हणून ०.९ ने गुणा: साडेऐंशी. कंडेन्सिंग बॉयलरच्या पत्रकावर १०० च्या वरचा आकडा दिसतो, तोही निम्न उष्मांकाच्या कृपेने. शिवाय सुप्त उष्णता परत मिळवायला धूर साधारण ५५ अंशांखाली उतरावा लागतो. गरम पाण्याच्या बॉयलरला ते जमतं. १० बारच्या वाफेला नुसत्या बॉयलरने नाही.

मग दुरुस्ती. वरच्या उदाहरणात ऑक्सिजन ५ वरून ३ वर आणला तर पाऊण टक्का वाचतो. हे काम बर्नरच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, लो फायर आणि हाय फायर दोन्हींवर. सीओ १०० पीपीएमच्या पुढे जाऊ लागला की हवा लगेच वाढवायची.

तीन पासच्या फायरट्यूब बॉयलरमध्ये त्याच लोडला धूर महिन्यागणिक तापत चालला असेल, तर संशय पाण्यावर घ्या. गॅसवर काजळी क्वचितच धरते; नळ्यांवर बाहेरून क्षार बसलेले असतात. सॉफ्टनर तपासा. कॉइल बॉयलरला तर हे लवकर भोवतं, कॉइलच जळते. वॉटरट्यूब बहुधा मोठा आणि इकॉनॉमायझरसकट असतो, तेव्हा सळई त्याच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे घाला. धूर २२ अंशांनी उतरला की ढोबळ एक टक्का पदरात पडतो.

सगळं लॉगबुकात लोडसकट लिहा. पुढची मोजणी त्याच लोडवर आणि त्याच भोकातून.