उत्तरेकडची सावली

रनाळ्यात शेताच्या बांधालगत उभी राहिलेली पांढरी गाडी बघायला सकाळपासून पोरं येत होती. जुनी ट्रॅव्हलर. आतली बाकं काढून तिथं पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. पोरांचं लक्ष मात्र डाव्या बाजूला, छताच्या कडेला लावलेल्या लांबलचक पेटीकडे होतं. हँडल फिरवलं की पेटीतून करड्या रंगाचं कापड सरसर बाहेर यायचं.

"हाई काय शे?" एकानं विचारलं.

"ऑनिंग," मामा म्हणाले. पोरगं काही बोललं नाही, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "गाडीचा मांडव."

मामांची तीस वर्षं पुण्यात गाड्यांच्या बॉडी बांधण्यात गेली. निवृत्तीनंतर स्वतःसाठी ही एक गाडी बांधली आणि मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या यात्रेला निघताना बहिणीकडे रनाळ्याला दोन दिवस थांबले. भाची नंदुरबारच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला पहिला प्रश्न पडला तो खर्चाचा.

"एवढं यंत्र कशाला, मामा? बाजारातून ताडपत्री आणून बांधली असती तर?"

"तर तीही ऑनिंगच झाली असती. यात्रेत लोक ट्रकच्या फाळक्याला ताडपत्री बांधतात, पुढे दोन बांबू रोवतात आणि खाली चूल मांडतात. माझ्या गाडीला आहे तेच आहे. या पेटीत एक रूळ आहे, त्यावर कापड गुंडाळलेलं. दोन बाजूंना कोपरात दुमडणारे दोन हात, आत स्प्रिंग. स्प्रिंग कापड ताणून धरते. पुढच्या दांडीतून दोन पाय खाली येतात. एकट्या माणसाला दोन मिनिटांत सावली मिळते, एवढीच काय ती यंत्राची करामत."

"आणि बसवायला?"

मामांनी तिला गाडीत नेलं आणि छताचं आतलं अस्तर एका जागी उचलून दाखवलं. पत्र्याच्या आत आडव्या लोखंडी पट्ट्या होत्या. गाडीवाले त्यांना बरगड्या म्हणतात. एका बरगडीवर तळहाताएवढी जाड पट्टी ठेवून तिच्यातून बोल्ट आरपार घेतला होता.

"तीन मीटरची पेटी वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. नुसतं वजन असतं तर पत्र्यानंही पेललं असतं. पण कापड अडीच मीटर बाहेर येतं आणि वारा त्याच्या टोकाला हिसके देतो. तरफेचं गणित तुला मी काय सांगणार? नुसत्या पत्र्याला स्क्रू मारले तर आधी भोकं लांबट होतात, मग तिथून पाणी झिरपतं आणि एक दिवस पेटी पत्रा घेऊनच खाली येते. म्हणून आधी बरगड्या शोधायच्या, खुणा करायच्या, त्या तीनदा मोजायच्या आणि मगच ड्रिल हातात घ्यायचं."

भोक पाडल्यावरची दहा मिनिटं मामांच्या मते सगळ्यात मोलाची. कापलेल्या कडेवरचा लोखंडाचा कीस ब्रशनं झाडून काढायचा. तो रंगावर राहिला तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. उघड्या कडेला प्रायमर लावून तो वाळू द्यायचा. त्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. साधं सिलिकॉन इथं ते वापरत नाहीत, कारण सिलिकॉनवर पुढे रंग धरत नाही आणि गाडीच्या हादऱ्यांत ते कडेनं सुटतं. पेटीचं ॲल्युमिनियम आणि छताचं लोखंड एकमेकांना थेट टेकू द्यायचं नाही. दोन धातूंमध्ये पाणी शिरलं की गंज वेगानं धरतो, म्हणून मध्ये रबराची चकती हवी.

"आणि पेटी धरणारे तिन्ही ब्रॅकेट एका रेषेत पाहिजेत. दोन मिलिमीटरचा जरी फरक राहिला तर गुंडाळताना कापड एका अंगाला सरकतं आणि शेवटी पेटी बंदच होत नाही. मी ओळंब्याच्या दोरीनं रेघ मारली होती. बाजूचा दरवाजा पूर्ण उघडून कापडाला लागत नाही ना, हेही भोकं पाडण्याआधी बघायचं."

"कायद्याचं काय? गाडीत असे बदल चालतात?"

मामा जरा गंभीर झाले. "ही गोष्ट लोक शेवटी विचारतात, विचारायला हवी पहिली. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. आरसी पुस्तकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मनानं करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यायचं. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत राहिली पाहिजे, त्यामुळे पेटी बाहेर किती येते ते मोजायचं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांची आणि त्या उभ्या करायच्या जागांची नोंदणी आहे. धंदा करायचा असेल त्यानं ते वाचावं."

भाचीला एक गोष्ट मघापासून खटकत होती. आल्या आल्या मामांनी गाडी दोनदा मागेपुढे करून तोंड बरोबर पूर्वेला आणलं होतं. मांडव त्यामुळे शेताच्या उत्तर अंगाला उघडला. दक्षिणेला विहीर, हिरवी तूर, बघायला छान. तिकडे पाठ का?

"एक काठी घे, उभी रोव आणि साडेबाराला तिची सावली मोज."

"बाराला नाही?"

"घड्याळ देशाचं आहे, सूर्य रनाळ्याचा. आपण घड्याळाच्या रेखांशापासून आठेक अंश पश्चिमेला, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक."

तिनं एक मीटर उंचीची काठी रोवली. साडेबाराच्या सुमारास सावली पडली ती जवळजवळ एक मीटर, सरळ उत्तरेला. तिथंच मातीत बसून ती आकडे लिहायला लागली. रनाळं २१ अंश आणि थोड्या वरच्या अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला २३ अंशांच्या पलीकडे गेलेला. बेरीज नव्वदातून वजा केली की उरतात सुमारे पंचेचाळीस अंश. ऐन दुपारीही सूर्य अर्ध्यावरच! मांडवाची पुढची दांडी जमिनीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर. मांडव दक्षिणेला उघडला असता तर दांडीची सावली तेवढीच मागे, गाडीकडे सरकली असती. अडीच मीटरच्या मांडवाखाली सावली उरली असती जेमतेम दोन विती, आणि खुर्ची उन्हात.

"आणि उत्तरेला अडीच अधिक दोन-दहा," ती स्वतःशीच म्हणाली. "साडेचार मीटरपर्यंत सावली! मांडवाच्याही बाहेर."

"त्यात निम्मं काम गाडीच करते. आता मे महिन्याचं सांग."

मेच्या अखेरीस दुपारी सूर्य रनाळ्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्या वेळी मांडव कुठेही उघडा, सावली त्याच्या खालीच. चटका देतं ते तीन-चारचं पश्चिमेचं ऊन, कारण ते मांडवाच्या खालून आत शिरतं. तेव्हा गाडीचं तोंड दक्षिणेला करायचं. डावी बाजू पूर्वेला येते आणि पश्चिमेकडून गाडीच भिंतीसारखी आड येते. हे उत्तर भाचीनंच काढलं. मामा फक्त मान डोलवत होते.

"ऊन कळलं. पाऊस?"

तोरणमाळची हकिगत मामांनी अजून बहिणीला सांगितली नव्हती. ती त्यांनी आता सांगितली. जूनचे पहिले दिवस, यशवंत तलावाजवळ मुक्काम. मांडवाचे दोन्ही पाय सारख्या उंचीवर ठेवून ते जेवायला बसले आणि सर आली. कापड मध्ये किंचित सैल होतं. तिथं पाणी साचलं, त्या वजनानं कापड आणखी खाली आलं, खोलगट जागेत आणखी पाणी वाहून आलं. मांडवाला पोट सुटलं. त्यांनी खालून केरसुणीनं पाणी ढकलेपर्यंत मांडवाचा डावा हात कोपरात वाकला होता.

"एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझं कापड साडेसात चौरस मीटर. दहा मिलिमीटरची सर म्हणजे पंचाहत्तर लिटर, तेवढेच किलो. चूक पूर्ण माझी होती. एक पाय वीतभर खाली घेतला असता तर पाणी त्या कोपऱ्यातून निघून गेलं असतं. ट्रकवाले एक बांबू आखूडच का घेतात, ते मला त्या दिवशी कळलं."

वाऱ्याचं गणित भाचीनं आपणहून मांडलं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला दहा मीटर. त्याचा दाब दर चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास. पूर्ण दाब कापडाला खालून लागला तर पंचेचाळीस किलोंचा जोर ते वर उचलतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे एकशे ऐंशी. तिनं पेन्सिल खाली ठेवून मांडवाच्या त्या दोन बारीक पायांकडे पाहिलं.

"म्हणून वावटळीच्या दिवसांत मी गाडी सोडून गेलो तर मांडव मिटूनच जातो. रात्री झोपतानाही मिटतो. झुळुकीपुरते तणावे बांधायचे, मेखा तिरप्या ठोकायच्या. पण इथली काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की लोणी होते. दोन्ही वेळा मेख उपसून येते. त्यापेक्षा हे बघ."

मांडवाच्या पायाशी अर्धं पोतं पुरलेलं होतं. मातीनं भरलेलं, तोंड बांधलेलं, त्याच्या गळ्यात तणावा. वरून मामा पायानं माती दाबत होते. भाचीनं दोन्ही हातांनी दोर ओढून पाहिला. पोतं हललं नाही.

त्या रात्री गप्पा लांबल्या, हवा पडलेली होती आणि मांडव मिटायचा राहून गेला. पहाटे कापडावर इतकं दव होतं की कडेवरून थेंब गळत होते. सारंगखेड्याला जायला दोंडाईच्याकडे लवकर निघायचं होतं, तरी मामांनी हँडलला हात लावला नाही. ओलं कापड गुंडाळलं की आत बुरशी धरते आणि तिचे काळे डाग धुऊन जात नाहीत. नाइलाजच झाला तर गुंडाळावं, पण पुढच्या मुक्कामावर पोहोचताच उघडून वाळवावं. इथं तसा नाइलाज नव्हता. भाची जुन्या धोतराचा तुकडा घेऊन पुसायला लागली. उत्तरेच्या बाजूला ऊन पोहोचत नव्हतं, म्हणून मामांनी गाडीचं तोंड पश्चिमेला फिरवायचं ठरवलं. त्यासाठी मांडव तेवढ्यापुरता मिटला, गाडी वळवली आणि पुन्हा उघडला. आता तो दक्षिणेला होता आणि सकाळचं तिरपं ऊन कापडाच्या खालपर्यंत येत होतं.

"म्हणजे थंडीत सकाळी चहाला दक्षिण बाजू आणि दुपारी उत्तर," ती म्हणाली.

नवाच्या सुमारास कापड कोरडं झालं. हँडल तिनं फिरवलं. मामा समोर उभे राहून कापड मधोमध गुंडाळतंय का ते बघत होते. पेटी बंद झाल्यावर त्यांनी ती दोन्ही टोकांना हातानं ओढून पाहिली आणि वरून एक पट्टा आवळला.

"पोतं गाडीत टाकू?"

"माती ओत इथंच आणि रिकामं पोतं दे. सारंगखेड्याला तापीची वाळू भरू."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं.