हक्क सोडण्याचा नियम

हॉकी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मेजर ध्यानचंद व हिरवें मैदान उभें राहतें. परंतु कॅनडा व अमेरिका या देशांत ती बर्फावर खेळतात, आणि तेथें हा खेळ शेंकडों तरुणांच्या उपजीविकेचें साधन झाला आहे. १९१७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्यें आज ३२ संघ आहेत.

आपल्या मालेगांवांतला विणकर एक कारखाना सोडून शेजारच्या कारखान्यांत मागावर उभा राहूं शकतो. तेथील खेळाडू मात्र करारानें बांधलेला असतो. अशा स्थितींत संघास वाटेल त्या खेळाडूस खालच्या लीगमध्यें धाडण्याची पूर्ण मुभा असती, तर सबळ संघांनीं कित्येक गुणी खेळाडू तेथें नुसते कोंडून ठेविले असते. तें टाळण्यासाठीं ‘वेव्हर’चा, म्हणजे हक्क सोडण्याचा, नियम केलेला आहे.

खेळाडूस खालीं धाडण्यापूर्वीं त्याचें नांव इतर संघांस कळवावें लागतें. पुढील २४ तासांत कोणाही संघास त्याची मागणी करितां येते. मागणारे अनेक असले, तर गुणतक्त्यांत जो सर्वांत मागें, त्याचा मान पहिला. पहिल्या नंबराच्या मुलास आधीं बक्षीस देणाऱ्या आपल्या शाळेंत हा क्रम उलटा वाटेल. पण दुबळ्या संघास हात देणें हाच त्यांतील हेतु आहे. हंगामाच्या आरंभीं तक्ता भरंवशाचा नसल्यामुळें १ नोव्हेंबरपर्यंत मागील वर्षाचाच धरितात. मागणारा संघ खेळाडूचा करार जसाच्या तसा पत्करितो. कोणीच न मागितल्यास त्यास खालीं जावें लागतें, व कित्येकांचा पगारही तेथें उतरतो.

नवख्यांस यांतून सूट आहे. अठराव्या वर्षीं करार केलेल्यास साधारणतः ५ वर्षें किंवा १६० सामने, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंपर्यंत. पंचविशी गांठलेल्यास एकच वर्ष. गोलरक्षकांचें कोष्टक निराळें आहे.

आपल्या हॉकी इंडिया लीगमध्यें २०१३ सालीं मुंबई मॅजिशियन्स हा संघ उतरला, तो लिलावांत बोली लावून खेळाडू घेऊन. वेव्हरमध्यें बोली नसते, पाळी असते. गरिबाच्या दृष्टीनें पाळीच बरी, असें मला वाटतें.

मॅनी मल्होत्रा हा पित्याकडून पंजाबी वंशाचा, कॅनडांत जन्मलेला खेळाडू. १९९८ सालीं न्यूयॉर्क रेंजर्सनें त्यास सातव्या क्रमांकानें निवडलें. पुढें तो डॅलस संघाकडे गेला. नोव्हेंबर २००३ मध्यें डॅलसनें त्याचें नांव वेव्हरवर ठेविलें, आणि कोलंबस संघानें तें उचललें. तेथें तो २००९ पर्यंत खेळला, आणि २०११ सालीं व्हँकुव्हर संघाकडून स्टॅन्ले चषकाच्या अंतिम सामन्यांत उतरला. त्या २४ तासांत मात्र त्यास कोणीं विचारलें नव्हतें. साधारणतः या नियमांत खेळाडूची संमति घ्यावी लागत नाहीं.