नदीच्या वरच्या अंगाला

लातूर

चि. मनू हिस,


तुझी दोन्ही भाषणं मिळाली. परदेशी मदतीने संकटातल्या देशाचं भलं होतं का, या एकाच विषयावर आधी अनुकूल आणि मग प्रतिकूल बोलून वादविवादाच्या दोन्ही फेऱ्या जिंकलीस, याचा आनंद आहेच. पण दोन्ही भाषणांत मला एकही माणूस भेटला नाही गं. करार भेटले, आकडे भेटले. आता याच विषयात पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणतेस, म्हणून मावशी चार शब्द लिहिते.

‘हैतीत भूकंपानंतर कॉलऱ्याची साथ आली’, असं एक वाक्य तुझ्या भाषणात आहे. त्या वाक्यापाशी थांब. भूकंप झाला १२ जानेवारी २०१० ला. कॉलरा आला ऑक्टोबरात, आणि तोही मोडून पडलेल्या राजधानीत आधी दिसला नाही. तो दिसला लांब मिरबाले गावाकडे, आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात. त्याआधी निदान शंभर वर्षं त्या देशात या रोगाची नोंद नव्हती. मग आला कुठून? रनो पिअरू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने पहिले रोगी कुठे सापडले ते शोधत माग काढला, तो नदीच्या वरच्या अंगाला पोचला. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. नेपाळहून नवी तुकडी नुकतीच आली होती आणि छावणीतला मैला ओढ्यात उतरत होता. खाली लोक तेच पाणी पीत होते. ८ लाखांवर माणसं आजारी पडली, सुमारे १० हजार गेली.

त्या शिपायांना मी दोष देत नाही. आपल्याबरोबर रोग आलाय हे त्यांना कुठून कळणार? माझा राग आहे तो पुढच्या सहा वर्षांवर. लोकांनी भरपाई मागितली, तर संयुक्त राष्ट्रांनी विशेषाधिकाराचं कवच पुढे केलं. त्यांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तुझ्या अभ्यासक्रमात शांतता, आरोग्य आणि मदतकार्य यांचे तास वेगवेगळे असतील. मिरबालेला ही तिन्ही एकाच ओढ्यात होती.

एवढं वाचून मदतच वाईट, असं मात्र ठरवू नकोस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या बांधून घेतल्या आणि त्या पाण्यात मिसळून पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मरणाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आपण जिला जलसंजीवनी म्हणतो तीच ही. तिथे आईच्या हातात पेला दिला गेला. हैतीत आईला कुणी काही विचारलंच नाही.

हे मला पुस्तकातून उमगलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तिसऱ्या दिवशी आमची तुकडी पोचली. माळवदं बसली होती, वरून पाऊस. रस्त्याकडेला शहरांतून आलेल्या कपड्यांचा ढीग भिजत पडला होता. एक म्हातारी बराच वेळ तो उपसत होती. मी तिच्या हातात चांगली कोरी साडी दिली. तिने उलगडून पाहिली, घडी घातली आणि परत ठेवली. मी तिथून निघाले. संध्याकाळी ती पुन्हा तिथेच दिसली, तेव्हा कुठे मी विचारलं, “आजी, काय शोधताय?” म्हणाली, “लुगडं गं. नऊवारी. ह्या समद्या पाचवारी हायेत.” दिवसभर ती ओल्या लुगड्यात होती. मला विचारायला सकाळपासून संध्याकाळ लागली.

म्हणून सांगते, बाजू कुठलीही येवो, भाषण लिहायच्या आधी त्या गावातलं पाणी कुठून येतं ते काढ. मदत कुणी मागितली, काय मागितली आणि चुकलं तर लोकांनी दाद कुणाकडे मागायची, हे शोध. उत्तर सापडलं नाही तर व्यासपीठावर तसं स्पष्ट सांग. त्यापायी एखादी फेरी गेली तरी मला चालेल.

आणि दिवाळीला इकडे ये. किल्लारी भागातली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, सरळ रस्ते आणि रांगेत घरं. त्यांतल्या एका गावात माझ्या ओळखीच्या दोघी आजी आहेत. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे घर बांधताना त्यांना कुणी विचारलं होतं का, ते तूच त्यांना विचार. वही घेऊन ये.

तुझी,
मावशी