समुद्र, वारे आणि पाऊस

प्रस्तावना
पावसाने ओढ दिली, की माणूस आकाशाकडे पाहतो. त्याचे कारण मात्र कधी कधी हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रात असते. ते कसे, हे या पाठात पाहू.

मूळ पाठ
पेरू हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील देश. विषुववृत्ताजवळ असूनही तेथील समुद्र थंड असतो. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे पॅसिफिक महासागराचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात आणि पेरूजवळ खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर विपुल मासळी पोसली जाते. इंडोनेशियाभोवती मात्र उबदार पाण्याची वाफ होऊन भरपूर पाऊस पडतो.

काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, पेरूची मासळी घटते, तेथील कोरड्या भागात पूर येतात. नाताळच्या सुमारास जाणवणाऱ्या या उबदार प्रवाहाला तेथील कोळ्यांनी ‘एल निनो’, म्हणजे ‘बाळ येशू’, असे नाव दिले. वारे मंदावले, की समुद्राच्या दोन बाजूंच्या तापमानातील फरक घटतो. फरक घटला, की वारे आणखी मंदावतात. समुद्र आणि वातावरण असे परस्परांना घडवतात.

या कोड्याचा एक धागा भारतात सापडला. १८७७ व १८९९ साली पावसाअभावी येथे भीषण दुष्काळ पडले. असे संकट आधी ओळखता यावे, म्हणून १९०४ पासून भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. पॅसिफिकवर वायुदाब वाढला, की हिंदी महासागराकडे तो उतरतो, असा झोका त्यांना आढळला. या झोक्याचे एल निनोशी असलेले नाते १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेस यांनी उलगडले.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळच, असे नाही. १९९७ साली तो अतिशय प्रबळ होता, पण भारतात सरासरीइतका पाऊस झाला. २००२ साली तो मध्यम असूनही पाऊस सुमारे १९ टक्के कमी पडला. १९९७ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार, तर पूर्व भाग थंड झाला होता. त्यामुळे मान्सून सावरला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. पेरणीसाठी खोळंबलेल्या शेतकऱ्याला नेमका अंदाज द्यायचा, तर एकाच समुद्राकडे पाहून भागत नाही.

शब्दार्थ
ओढ देणे – पाऊस लांबणे
विपुल – भरपूर
खोळंबणे – वाट पाहत थांबून राहणे

पाठगत प्रश्न
१. पेरूजवळचा समुद्र थंड का असतो?
२. १९९७ आणि २००२ या वर्षांच्या तुलनेतून कोणता बोध होतो?