मोटार वर्षभर नीट कशी ठेवावी

आता आपल्या गावात आळीआळीला एखादी मोटार उभी दिसते. कुणी जीप घेतली आहे. कुणी शहरातून जुनी गाडी आणली आहे. बाजाराला जायचे, लेकीला सासरी पोचवायचे, सारे तिच्यावरच. रात्री बाळंतीण अडली तर एस.टी.ची वाट पाहून भागत नाही. त्या वेळी गाडी चालू झालीच पाहिजे. आणि जिथे थांबवायची तिथे ती थांबलीही पाहिजे.

लोक म्हणतात, बैल आजारी पडला तर वैरण टाकतो, मोटारीचे कसे कळणार? आम्हाला हे पटत नाही. मोटारही सांगते. इंजिनात तेलाचा दाब कमी झाला की समोर लाल दिवा लागतो. तो चालता-चालता लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. “घरापर्यंत जाईल की!” असे म्हणू नका. तेवढ्यात इंजिन जाते.

गाडीबरोबर कंपनीचे एक पुस्तक मिळते. बहुधा ते खणात पडून असते. ते बाहेर काढा. इंग्रजीत असले तरी आकडे आणि चित्रे आपल्याला कळतात. उरलेले शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. कोणते तेल घालायचे, किती किलोमीटरला बदलायचे, ते त्यात लिहिलेले असते. 5 डब्ल्यू 30, 15 डब्ल्यू 40 असे आकडे तेलाच्या डब्यावरही असतात. दोन्ही ताडून पाहा. सगळेच मिस्त्री लबाड नसतात. पण गिऱ्हाइकाला डबा वाचता येतो म्हटले की काम जरा सरळ होते.

तेल आपले आपण तपासता येते. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या. मग तेलाची पट्टी ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी नको, तसे जास्तही नको.

चैत्र-वैशाखात इंजिन लवकर तापते. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतू नये. त्यातल्या क्षाराचे पापुद्रे आत धरतात, जसे पाणी तापवायच्या भांड्याला धरतात तसे. पुस्तकात सांगितलेले कूलंटच घालावे. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून तोंडावर येते.

उन्हाळ्यात टायर फुटतात, त्याचा दोष लोक उन्हाला देतात. पुष्कळदा खरे कारण कमी हवा हे असते. हवा कमी असली की टायर चालताना सारखा दबतो, वाकतो आणि त्यानेच तापतो. हवा किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. पाचव्या चाकाची आठवण ठेवा.

मृग निघायच्या आधी वायपरचे रबर पाहा. उन्हाने ते चिरते, आणि पहिल्याच पावसात काच धूसर होते. टायरची नक्षीही पाहा. ती 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर कायद्यानेच तो टायर बाद. पावसात उंदीर ऊब शोधत इंजिनाजवळ शिरतात आणि तारा कुरतडतात. बॉनेट अधूनमधून उघडत जा. ओढ्याला पाणी असेल तर गाडी घालूच नका. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी हवेसारखे दबत नाही. ते इंजिनात शिरले असेल तर आतले लोखंडी दांडे वाकतात. माणसे बाहेर काढा आणि गाडी ओढून न्या.

आता ब्रेकचे सांगतो. हे नीट वाचा. आपल्याकडून कोकणात उतरायचे म्हणजे आंबेनळी, कुंभार्ली असले घाट. ब्रेकच्या नळ्यांत एक तेल असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. घाटात ब्रेक सारखा दाबला की तो तापतो, ओलाव्याची वाफ होते, आणि पाय दाबला तरी पेडल नुसते खाली जाते. म्हणून गाडी थोडी चालो की फार, हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर ते धरावे.

आणखी एक खोड आम्ही पुष्कळ ड्रायव्हरांत पाहिली आहे. डिझेल वाचते म्हणून ते उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंग जड होते. शिवाय नव्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना पाय उचलला की उतारावर इंजिनाला इंधन जायचेच थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जात राहते. म्हणजे वाचत काहीच नाही. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आमची ना नाही. त्याच दिवशी खालून चिखल धुऊन काढा, कारण चिखलाखाली पत्रा गंजतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी वजा खुणेची तार सोडा आणि मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके पुसा.

याच दिवसांत रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. आपले दिवे तरी धड हवेत. संध्याकाळी एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे.

पुढे मळणीची धूळ उडते. हवेची जाळी तेव्हा काढून पाहा. ती तुंबली की गाडीचा दम जातो आणि इंधन जास्त लागते.

विमा आणि पी.यू.सी. यांच्या कागदांवर मुदत छापलेली असते. ती वाचून कॅलेंडरवर खूण करा. गाडीत एक वही ठेवा.

करून पाहा : दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खाली आजची तारीख, गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा, आणि तेल शेवटचे कधी बदलले ते लिहा.