तळ्यातील मासळी का मरते?

शेततळ्यात सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले की पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. कोणी तरी रात्री विष कालवले, असे बोलले जाते आणि भाऊबंदकीच्या जुन्या वैरास नवे निमित्त मिळते. विषप्रयोग घडतच नाहीत असे नव्हे. परंतु एका रात्रीत झालेल्या मरतुकीचे कारण पुष्कळदा त्याच तळ्याच्या पाण्यात असते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी तळ्याची तपासणी करावी.

मासे कोणत्या वेळी मेले, हे प्रथम विचारावे. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाण्यातील सूक्ष्म हिरवी वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तीही माशांप्रमाणेच तो खर्च करते. त्यामुळे सूर्योदयापूर्वी प्राणवायूचे प्रमाण सर्वांत कमी असते. एक लिटर पाण्यात 5 मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास मासळी सुखाने वाढते; 3 मिलिग्रॅमच्या खाली ती गुदमरू लागते. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले की दिवसाची निर्मिती घटते, पण रात्रीचा खर्च तसाच चालू राहतो. अशाच वेळी थंड पावसाची मोठी सर आली, तर वरचे पाणी जड होऊन खाली जाते आणि तळाचे सडके, प्राणवायूहीन पाणी वर येते. पाणी जितके गर्द हिरवे, तितका हा धोका अधिक.

गुदमरलेली मासळी पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करते. मेलेल्या माशाचे तोंड उघडे व कल्ले फाकलेले आढळतात. बहुधा मोठे मासे आधी मरतात, लहान बोटुकली तग धरते. कीटकनाशकाने मात्र लहान मासे आधी बळी पडतात, आणि त्यांच्यासोबत बेडूक व पाणकिडेही मेलेले दिसतात. त्यास पहाटेचे बंधन नसते. फवारणीचा पंप तळ्याच्या काठी धुतला होता काय, फवारलेल्या कपाशीतून पावसाचे पाणी तळ्यात उतरले काय, याची चौकशी मालकाने स्वतःच्या घरापासून सुरू करावी. रोज दोन-चार मासे मरत असतील व अंगावर व्रण किंवा चिकटलेल्या चपट्या उवा असतील, तर तो रोगाचा किंवा परोपजीवींचा प्रकार होय.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात आणखी एक अडचण असते. तेथे विष्ठा व उरलेले खाद्य जिरवून घेणारी माती नसते. अमोनिया साचतो, पुढे त्यापासून नायट्राइट होते व माशाचे कल्ले तपकिरी दिसू लागतात. अशा पाण्यात घाईने चुना टाकू नये. चुन्याने पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि अमोनिया अधिकच विषारी होतो.

मासे तोंड वर काढू लागताच खाद्य व शेणखत तत्काळ बंद करावे. वरच्या थरातील पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात सोडावे. तळाचा गाळ ढवळू नये. विहिरीचे पाणी देणे झाल्यास तेही उंचावरूनच पाडावे, कारण भूजलात प्राणवायू बहुधा कमी असतो.

विषाचा संशय खरा वाटल्यास नुकतेच मेलेले किंवा मरणासन्न मासे व स्वच्छ काचेच्या बाटलीत भरलेले पाणी बर्फात ठेवून त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे न्यावे. फुगलेल्या, कुजलेल्या माशांवरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही. अशी मासळी खाऊ अथवा विकू नये. ती तळ्यापासून दूर खोल पुरावी.

कटला, रोहू व मृगल यांची एकत्र जोपासना करताना गुंठ्यास 50 ते 100 बोटुकली पुरेशी होते. 30 मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यात, म्हणजे सुमारे 9 गुंठ्यांत, ही संख्या 450 ते 900 भरते. स्वस्तात मिळाले म्हणून तेथे तीन हजार बीज सोडणारे शेतकरी आढळतात. त्यांच्या तळ्यावर ढगाळ हवेत पहाटेची फेरी चुकता कामा नये. कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा; त्याआधीच बोटे दिसेनाशी झाली व पाणी हिरवे असेल, तर त्या दिवशी खाद्य देऊ नये.